उस्तादच्या कोपऱ्यातली स्टिक

यंदा थंडी जरा उशिरानंच आली. आली ती मात्र एकदम, आणि तिच्यासोबत टीव्हीवर ती पोरंही आली. दक्षिणेत कुठल्याशा शहरात निळंशार मैदान, त्यावर पाण्याचे फवारे, आणि देशोदेशींची मिसरूड न फुटलेली पोरं हातात स्टिक घेऊन राष्ट्रगीताला उभी. पोरांची ही आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धा दर थोड्या वर्षांनी येते, आणि ती आली की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, मग बघू नका. बघू नका काय! दुखऱ्या दातावर जीभ जातेच की.

मी लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. म्हणजे ज्या गावात मला ओढून आणलं, त्याच गावात आता मी इतरांच्या पोरांना ओढून घेतो. चौकाचौकात टॉपर पोरांचे फोटो लावलेले फलक आहेत, त्यातल्या एकावर खाली कोपऱ्यात माझाही फोटो आहे, टायसकट. टाय मला शोभत नाही, पण विचारतो कोण.

आई गेल्यापासून नाना माझ्याकडं राहतात. नाना म्हणजे माझे वडील, नांदेडच्या शाळेतले रिटायर मास्तर. कानटोपी घालून, पायावर शाल घेऊन ते टीव्हीसमोर बसतात. आधी बातम्या बघायचे. यंदा त्यांनी आपण होऊन ही मॅच लावली, आणि रोज लावून राहिले. संध्याकाळी मी क्लासहून येतो तर हे माझ्या आधी बसलेले. नातवाला विचारतात, आज कुणाशी आहे रे? मी आत कपडे बदलत असतो आणि माझ्या कानशिलात काहीतरी तडतडतं. ह्या माणसानं हॉकी बघावी? ह्यानं?

नांदेडात आमचं मैदान मुरमाचं होतं. पडलं की गुडघा सोलून निघायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गुडघ्यावर पुन्हा पडायचं. उन्हाळ्यात मुरूम इतका तापायचा की बूट फाटके असले तर तळवे भाजायचे. बूट फाटकेच असायचे. खेळ संपला की नळाच्या धारेखाली डोकं धरायचं, आणि मग सगळी पलटण उस्तादच्या दुकानात. उस्तादचं सायकलचं दुकान होतं जुन्या मोंढ्याजवळ. दिवसा पंक्चर, संध्याकाळी आम्ही. तरुणपणी ते निजामाच्या वेळच्या कुठल्या नामांकित संघातून खेळले होते म्हणे. ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, सांगायचा त्यांचा पुतण्या नईम. नईम आणि मी एका वयाचे. तो उजवीकडून खेळायचा, मी डावीकडून, आणि आमच्यामध्ये चेंडू असा फिरायचा की समोरच्याला कळायचं नाही आत्ता कुणाकडं आहे.

मी डावखुरा. हॉकीत डाव्या हाताची स्टिक नसतेच, सगळ्यांनी उजवीच धरायची. सुरुवातीला मला ते उलटं वाटायचं. उस्तादनी एकदा माझी स्टिक हातात घेतली, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि दांड्यावर सगळ्यांच्या उलट दिशेनं गुंडाळून दिली. म्हणाले, आता ही तुझ्या हाताची झाली. खरं खोटं देव जाणे, पण त्या दिवसापासून स्टिक उलटी फिरवून डाव्या अंगाचा चेंडू मारायचा माझा डाव, ज्याला आता सगळे रिव्हर्स म्हणतात, तो असा काही चालायला लागला की मोठाली पोरंसुद्धा माझ्या डाव्या अंगाला यायला कचरायची.

त्या दुकानात हवेच्या पंपामागं एक कोपरा होता. तिथं जुन्या स्टिका उभ्या करून ठेवलेल्या असायच्या. त्या विकायच्या नव्हत्या. ज्यानं खेळ सोडला त्यानं आपली स्टिक तिथं आणून ठेवायची, असा रिवाज. कुणी नोकरीला लागला, कुणाचं लग्न झालं, कुणाच्या बापाचं दुकान बसलं. कारण सांगायचं नाही. यायचं, ठेवायची, चहा प्यायचा, जायचं. आणि एकदा ठेवली की उस्ताद त्या माणसाशी जन्मात हॉकीचा विषय काढत नसत. तब्येत विचारतील, पोरंबाळं विचारतील, पण हॉकी नाही. मी एकदा विचारलं होतं, असं का. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "जिने हॉकी रख दिया, उसकू पूछना नक्को, बेटा. शरम आती."

मला ते इतकं आवडलं की रात्री जेवताना मी घरी सांगितलं. आई म्हणाली, भला माणूस आहे. नाना भाकरी मोडत राहिले. आज वाटतं, मी त्या दिवशी ताटावर तोंड शिवून बसलो असतो तर किती बरं झालं असतं.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून दमून झोपलेलं गाव पहाटे हललं. नांदेडात भांडी पडली, भिंतींना चिरा गेल्या, आम्ही चादरी घेऊन रस्त्यावर आलो. तिकडं लातूर-उस्मानाबादच्या गावांचं काय झालं ते दुपारनंतर कळायला लागलं. नानांच्या शाळेतले मास्तर मदतीला गेले. नाना गेले ते बरेच दिवस आलेच नाहीत. आले तेव्हा दाढी वाढलेली, धोतराला पांढरी माती. आईनं पाणी तापवलं तर नुसते मोरीत बसून राहिले. पुढं केव्हातरी त्यांनी एवढंच सांगितलं, की दगडामातीच्या रुंद भिंती होत्या, जितकं घर मोठं तितकी माणसं जास्त दबली. आणि सांगितलं, की तिथं एक डॉक्टर पोरगा होता, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठा. त्याला कामाला हात पुरत नव्हते. "आम्ही मास्तर लोक नुसते उभे," नाना म्हणाले. "कंदील धरून उभे."

तेव्हाच माझं ठरलं असणार. मला कुणी विचारलं नाही.

दहावीचा निकाल लागला आणि जूनमध्ये मला लातूरला नेऊन टाकलं. त्या काळात लातुरात क्लासचं पेव फुटायला नुकतीच सुरुवात झाली होती. भोकरपासून देवणीपर्यंतचे बाप पोरांना घेऊन एसटीतून उतरायचे, गादीची वळकटी, ट्रंक आणि डॉक्टर करायचं स्वप्न घेऊन. भूकंपाला वर्ष होत आलं होतं, पण जमीन अजून अधूनमधून गुरगुरायची. आम्ही पोरं रूमच्या आत पुस्तकं ठेवायचो आणि बाहेर ओसरीत झोपायचो. आमचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. एकदा भर तासात पत्रे थरथरले, खडूची पेटी टेबलावरून घसरली. पोरं उठली. सर फळ्याकडं तोंड करून होते, तसेच म्हणाले, बसा, बारका आहे, सूत्र पुरं होऊ द्या. आणि आम्ही बसलो. लातूरनं माझ्यावर मारलेला शिक्का तो, अजून पुसला नाही. आता मी पण असंच म्हणतो, बसा.

मी लातूरला जायला तयार झालो ते एका शब्दावर. त्याच हिवाळ्यात पोरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होणार होती, परदेशी संघ येणार होते, आणि त्यासाठी देशाच्या संघाचं निवड शिबिर लागणार होतं. आमचा खेळ नांदेडात कुणीतरी येऊन बघून गेलं होतं. उस्ताद म्हणाले होते, नईमचं आणि तुझं बोलावणं येईल, दिवाळीच्या आसपास. मी नानांना म्हणलं, मग मी कसा जाऊ? नाना म्हणाले, काठी घरी राहू दे, तिथं नेलीस तर अभ्यास होणार नाही. बोलावणं आलं की मी स्वतः काठी घेऊन लातूरला येतो, तिथून तुला गाडीत बसवतो.

नाना स्टिकला नेहमी काठी म्हणायचे. मी हसायचो. म्हणलं, ह्यांना काय कळतंय, पण शब्दाचा माणूस आहे.

रविवारी नाना डबा घेऊन यायचे. मी सकाळपासून स्टँडवर जाऊन उभा राहायचो. नांदेडची गाडी धूळ उडवत आत शिरायची, लोक खिडकीतून पिशव्या टाकायचे, आणि मी नानांच्या चेहऱ्याकडं बघायच्या आधी त्यांच्या हातातल्या पिशवीकडं बघायचो. काही लांबट दिसतंय का. पिशवीतून काही वर आलंय का. चिवडा निघायचा, शेंगदाण्याच्या वड्या निघायच्या, आईनं विणलेला मफलर निघाला. दिवाळी झाली. तुरीला फुलं आली, ज्वारी निसवली, हुरडा आला. नाना हुरडाही घेऊन आले, फडक्यात गरम ठेवलेला. मी विचारायचो, उस्ताद भेटले का? ते म्हणायचे, नाही रे, तिकडं जाणं झालं नाही. नीट जेव. किती बारीक झालास.

आणि मी जेवायचो. हाव हाव, म्हणजे हो हो, म्हणत जेवायचो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातुरात कुत्रं सुद्धा दिसत नाही, सगळं गाव शेतात. आमच्या घरमालकानं आम्हा रूमवरच्या पोरांनाही बैलगाडीत घालून नेलं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, केली होती, तिच्यात पूजेला पाच दगडांचे पांडव मांडले होते. पानावर पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मातीच्या मोग्यात आंबील. ऊन असं कोवळं की पाठ त्याच्याकडं करून बसावं आणि उठूच नये. घरमालकाच्या भावानं ट्रान्झिस्टर आणला होता, बाभळीच्या फांदीला अडकवला होता. त्यावर ती स्पर्धा लागली होती. पोरांची. मला माहीतच नव्हतं की सुरू झाली. मी हातात आंबिलाचा पेला धरून ऐकत होतो, आणि हिंदीतला तो धावता आवाज म्हणाला, उजवीकडून नईम, नांदेडचा नईम, आणि त्यानं चेंडू डावीकडं टाकला.

डावीकडं कुणीतरी दुसराच होता. त्याचं नाव मी ऐकलं नाही.

घरमालक म्हणाला, अरे नांदेडचं पोरगं हाय की, तुझ्या गावचं! मी म्हणलं, हाव. त्यानं माझ्या पेल्यात आणखी आंबील ओतली. ती मी प्यालो. मला आठवतं ते इतकंच, की मला नईमचा राग आला नाही. राग आला उस्तादचा. मास्तरच्या पोराला विसरले, आणि घरचा पुतण्या बरा लक्षात राहिला! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं मी त्या बाभळीखाली बसून ठरवलं, आणि ते पुढं कैक वर्षं खरं मानलं.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा मुद्दाम दुकानावरून गेलो. वाटलं, ते उठतील, काही बोलतील, निदान मान खाली घालतील. उस्तादनी चहा मागवला. विचारलं, लातूर का पानी कैसा है? खाने-पिने की तकलीफ तो नहीं? नईमचं नाव नाही, स्पर्धेचं नाही, हॉकीचं नाही. मी मनात म्हणलं, बघा, बोलायला तोंड राहिलं नाही. तिकडं उस्ताद काय समजत असतील, हे मला तेव्हा सुचलं नाही. पंपामागच्या कोपऱ्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. घरी दाराआड स्टिक आहे की नाही, तेही बघितलं नाही. नको तिचं तोंड बघायला, म्हणलं. पुढं आम्ही घर बदललं, सामान इकडचं तिकडं झालं, विषय संपला.

डॉक्टर मी झालो नाही. थोडक्यात हुकलं. हुकलेल्या पोरांचं लातुरात काय होतं ते सांगायची गरज नाही, त्यातली निम्मी आज फळ्यापुढं उभी आहेत.

उस्ताद वारले तेव्हा मी नांदेडला गेलो. खरं तर जाणार नव्हतो, आई म्हणाली, मेल्या माणसाशी कसला राग. दफन झालं, माणसं पांगली. नईम सिकंदराबादहून आला होता, रेल्वेत खेळाडू म्हणून लागलेला, आता साहेब झालेला. दोघं दुकानात गेलो. कुणीतरी सामान हलवत होतं, पंप बाजूला काढला होता. कोपऱ्यात स्टिकांची रांग. आणि तिच्यात एक, जिच्यावर ट्यूबची पट्टी उलट दिशेनं गुंडाळलेली.

मी ती उचलली. नईमला म्हणलं, ही इथं कशी?

"तूच ठेवून गेलास ना," नईम म्हणाला. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला. "म्हणजे, नाना आणून ठेवले. तुझ्या वतीनं. बोलावणं आलं तेव्हा उस्ताद तुझ्या घरी सांगायला गेले होते. तुझं नाव माझ्या वर होतं. दुसऱ्या दिवशी नाना आले, काही बोलले नाही, स्टिक ठेवली, चहा पिले, गेले. उस्ताद लई दिवस कोणाशी बोलले नाही. मी म्हणलं, लातूरला जाऊन विचारू का? तर म्हणले, ठेवली त्याला विचारायचं नसतं. आणि मास्तर कधी झूट करत नाही."

झूट केलंच नव्हतं. तोंडातून शब्द काढला असता तर खोटं म्हणता आलं असतं. त्यांनी फक्त उस्तादचा रिवाज पाळला, तोच, जो मी त्यांना ताटावर बसून सांगितला होता. आणि उस्तादनीही पाळला. एकानं माझा घात करायला पाळला आणि दुसऱ्यानं माझी अब्रू राखायला. उस्ताद, एकदा तरी विचारायचं होतं हो. एकदा एसटीत बसून यायचं होतं. मी ज्या माणसाला इतकी वर्षं मनातून शिव्या दिल्या, तो त्याच्या परीनं माझी लाज झाकत बसला होता. आणि सांगायला गेलो तर तो जमिनीखाली.

त्या दिवशी जेवताना मी नानांना विचारलं, स्टिक तुम्ही ठेवली? नाना म्हणाले, हाव. मग म्हणाले, भूकंपाला वर्षच झालं होतं. आणि ताक मागितलं. आईनं माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे नको. मी गप बसलो. त्या गप्प बसण्याला मी पुढं एक उशी शोधली. स्वतःला सांगितलं, त्यांना कळतच नव्हतं. त्यांच्या लेखी ती काठी, गुरामागं जायची. पोरगं शिबिराला जाईल, परत पाठवतील, वर्ष वाया जाईल, एवढंच त्यांनी बघितलं. अडाणीपणानं केलं. अडाण्यावर काय रागवायचं. ह्या उशीवर मी बरी झोप काढली. त्यांना घरी आणलं, डोळ्याचं ऑपरेशन केलं, कानटोपी आणली.

क्लासला बाप येतात. पोरगी बॅडमिंटनला राज्यात आली, पोरगा कबड्डीत, पण सर, दोन वर्षं सगळं बंद केलंय, तुम्ही फक्त बघा. मी काय बोलणार? म्हणतो, हो, बघतो, बसवा. पोरगं बापाच्या मागं उभं राहून भिंतीवरच्या फोटोंकडं बघत असतं. त्या वेळी मी त्याच्या नजरेला नजर देत नाही.

काल मी लवकर आलो. मॅच रंगात होती. आपली पोरं एका गोलनं पुढं होती, अख्खा शेवटचा क्वार्टर बाकी होता. डावीकडचा एक सावळा पोरगा, शिडशिडीत, असा काही खेळत होता की मी चहा हातात धरून उभाच राहिलो. समोरच्या दोघांना चकवून तो रेषेजवळून आत शिरला, चेंडू उलट्या अंगाला आला, आणि तिथं तो गडबडला. चेंडू बाहेर गेला.

नाना म्हणाले, "तुझी रिव्हर्स याच्यापेक्षा चांगली होती."

मी म्हणलं, काय?

"रिव्हर्स रे. तू इथून गोल सोडला नसतास." त्यांनी शाल गुडघ्यावर सारखी केली. "मी शाळा सुटली की पाण्याच्या टाकीआड सायकल लावून बघायचो. रोज. तुला दिसलो नाही कधी."

मी पेला खाली ठेवला. विचारलं, मग का ठेवली? माझा आवाज मलाच परका वाटला. नाना टीव्हीकडं बघतच बोलले, शाळेत शिकवताना बोलायचे तसंच, समजावून.

"तू नुसता खेळणारा असतास तर जाऊ दिलं असतं. शिबिराला गेला असतास, त्यांनी परत पाठवलं असतं, गप अभ्यासाला लागला असतास. पण तुला परत पाठवणार नव्हते. मला दिसत होतं ना. एकदा गेला असतास तर आला नसतास. म्हणून तर स्टिक नेऊन ठेवली."

स्टिक म्हणाले. काठी नाही.

मी उभा होतो. माझी उशी कुणीतरी डोक्याखालून ओढून घेतली होती आणि मान तशीच वर राहिली होती. ज्याला कळत नव्हतं त्याला माफ करता येतं हो. ज्याला इतकं नेमकं कळत होतं, माझ्या हातात काय आहे हे उस्तादच्या खालोखाल ज्याला कळत होतं, त्याचं काय करायचं? माझा खेळ इतकी वर्षं कुणीतरी आठवत बसलं होतं, आणि तो हा माणूस होता. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो नुसता संताप, पांढरा.

तेवढ्यात दिवेलागण झाली. नानांचा नेम आहे, काही झालं तरी त्या वेळी देवापुढं दिवा लावायचा. भिंत धरत धरत ते आत गेले. काडी ओढल्याचा आवाज आला, मग शुभंकरोती, सावकाश, एकेक शब्द. इकडं मैदानावर पोरं पुन्हा उभी राहिली होती. तो डावीकडचा पोरगा वाकून मोजे वर करत होता. पंचानं हात वर केला.

मी टीव्ही बंद केला.

नाना आले. काळा पडदा बघून दारातच थांबले. हातात अंगारा होता, तो त्यांनी माझ्या कपाळाला लावला. विचारलं, संपली का? जिंकले?

मी म्हणलं, संपली. हरले.

ते खुर्चीत बसले, कानटोपी सारखी केली. च्च च्च केलं. मग म्हणाले, "असू दे. पोरं हायेत. पुन्हा खेळतील."